बिनवासाचं चिलखत

“आजपासून या घरात वास येणार नाही म्हणजे नाही! अरे, मी घरात काही आणलंय हे कुणाला कळणारसुद्धा नाही!”

सूनबाईने ही घोषणा सकाळच्या चहाला केली, आणि तीही भरलेला कप टेबलावर आपटून. अर्धा चहा बशीत आला. नवऱ्याने लॅपटॉपवरून मान वर केली. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, वर्तमानपत्र जरासं खाली केलं. दोघांच्याही चेहऱ्यावर विश्वासाचा लवलेश नव्हता.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण अण्णा तिला ज्या पहाडी आवाजात हाक मारत, तो आवाज जिन्यावरून थेट फाटकापर्यंत जायचा. त्यामुळे बिल्डिंगने तिला सूनबाई म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता नाटक कंपनीतही तेच नाव पडलं. तिथे ती पोशाख करायची. पोशाख म्हणजे झगे आणि पागोटी नव्हेत हं! तिची खासियत चिलखतांची. छातीचे पत्रे, खांद्याच्या वाट्या, मनगटाचे पट्टे. दिसायला पोलाद, उचलायला कागद! साच्यात रेझिन, म्हणजे वाळलं की कडक होणारं रसायन, ओतायचं, वाळलं की काढायचं, रंगवायचं. मागच्या खोलीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी तिचा हा कारखाना चालायचा.

भानगड होती ती त्या रेझिनच्या वासाची. जळका टायर आणि नेलपॉलिश एकत्र उकळलं तर जसा येईल तसा वास! खिडकीत येणारे कावळे यायचे बंद झाले. समोरच्या बाईंनी दोनदा गॅसवाल्याला बोलावून पाइप तपासून घेतले. नवरा घरूनच काम करायचा. मीटिंगमध्ये त्याच्या डोळ्यांना अशा धारा लागायच्या, की साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, “घरी काही दुःखद घडलंय का? रजा घ्या हवी तर.” त्याने ती घेतलीसुद्धा!

तरीही सूनबाई बधली नव्हती. ती स्वतः दोन नळकांड्यांचा मुखवटा लावून, कोपरापर्यंत हातमोजे चढवून काम करायची. बाकीच्यांनी खिडक्या उघडाव्यात, असं तिचं मत.

मग ‘तो’ प्रयोग झाला. शेवटच्या अंकात सेनापती धारातीर्थी पडतो. पडला. राणीने हंबरडा फोडला. प्रेक्षकांत कुणीतरी नाक ओढलं. आणि इतक्यात मेलेला सेनापती शिंकला! एकदा नव्हे, सटासट शिंकला. चिलखत पुरतं सुकलं नव्हतं, आतून वास मारत होतं. राणीला वाटलं, काहीतरी करायला हवं, म्हणून ती त्याच्या अंगावर पडली. तिलाही शिंक आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या भलत्याच कारणासाठी.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने तिला समोर बसवलं. हा माणूस चिडला की आवाज खाली आणायचा. त्या दिवशी तो जवळजवळ कुजबुजला. “बाई, नवीन नाटक आठवड्यावर आलंय. वास न येणारं, खाज न सुटणारं, माणूस न मारणारं चिलखत होत असेल तर करा. नाहीतर आम्ही भाड्याने आणू. कायमचं.”

‘कायमचं’ हा शब्द सूनबाईच्या काळजात रुतला. म्हणून ही घोषणा!

त्याच दिवशी ती रसायनांच्या दुकानात गेली. दुकानदार जाड चष्म्याचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याने पहिला डबा पुढे केला. “हे घ्या. कमी वासाचं.”

“कमी वास म्हणजे कमी विषारी का?”

“तसं नाही. विष तेवढंच, नाकाला कळत नाही इतकंच.”

सूनबाईने हात मागे घेतला. दुसरा डबा आला. दोन बाटल्या, एकत्र करायच्या, काचेसारखं चकचकीत काम.

“हाताला लागलं तर?”

“पहिल्यांदा काही होत नाही. दुसऱ्यांदाही नाही. पण एकदा का अंगाला बाधलं की मग नुसता डबा उघडला तरी पुरळ उठतं. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या पापण्या बटाटेवड्यांएवढ्या…”

“पुरे, पुरे! तिसरं दाखवा!”

तिसरं म्हणजे एक कॅन आणि एक पोतं. कॅनमध्ये दुधासारखा पांढरा द्रव, पोत्यात पिठासारखी पांढरी पावडर. पाण्यात तयार झालेलं रेझिन. वास नाही, धूर नाही, भांडी साध्या पाण्याने धुता येतात. पावडर मिसळली की थोड्याच वेळात दगड!

“आणि विषारी?”

“नाही. पण बाई, बिनविषारी म्हणजे खेळणं नव्हे. पावडर कालवताना नाकाला फडकं बांधा, उघड्या अंगावर थापू नका. घट्ट होताना तापतं ते.”

सूनबाईने यातलं ‘नाही’ एवढंच ऐकलं. बाकीचं वाक्य तिच्या आनंदात वाहून गेलं!

घरी आल्या आल्या तिने गुडघ्याची एक वाटी ओतून पाहिली. सुरेख निघाली. वास शून्य! नवरा मुद्दाम मागच्या खोलीत येऊन हुंगून गेला आणि म्हणाला, “मला सर्दी झालीये की खरंच वास नाहीये?” सूनबाईला आभाळ ठेंगणं झालं. पोतं वाटेत फाटलं होतं, म्हणून तिने पावडर एका झाकणाच्या डब्यात ओतली. कॅनची तोटी गळत होती, म्हणून द्रव एका बादलीत काढून वर ताट झाकलं. डबा आणि बादली धुण्याच्या यंत्राशेजारी, साबणाच्या पुड्यांच्या रांगेत ठेवून दिली. डब्यावर नाव लिहावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिला वाटलं, वास नाही, विष नाही, तर नाव कशाला? नाव लिहायचं ते विषाच्या बाटलीवर!

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तालमीला गेली. नव्या नाटकातही एक सेनापती होता आणि तोही मरत होता; त्याचं माप घेतलं, दिग्दर्शकाला गुडघ्याची वाटी दाखवली. त्याने ती हुंगली, चावल्यासारखी केली, आपटली. आवाज किंचित वर आला, म्हणजे खूश झाला. “चला, तुमची जागा बघू. कसं करता ते मला डोळ्यांनी पाहायचंय.”

“या की! घरात काही चाललंय हे कळणारसुद्धा नाही तुम्हाला!”

संध्याकाळी दोघं जिना चढून वर आले, तर दार सताड उघडं! आतून नवऱ्याचा आवाज येत होता आणि तो भलत्याच पट्टीत होता. “हो, हो, छातीत! ताबडतोब पाठवा! पत्ता लिहून घ्या!”

सूनबाई धावत आत गेली. नवरा फोन कानाला लावून खोलीत येरझाऱ्या घालत होता, कानातले हेडफोन गळ्यात लोंबत होते. तिला बघताच त्याचा चेहरा रडवेला झाला.

“अगं, अण्णांना अ‍ॅटॅक आलाय!”

अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. ताठ! इतके ताठ की शिपायाने शिकावं. दोन्ही हात पुढे, कोपरात वाकलेले, आणि त्यात वर्तमानपत्र धरलेलं. मान सरळ. फक्त डोळे तेवढे हलत होते. ते सूनबाईकडे वळले आणि त्यात चक्क भीती होती. एरवी हा माणूस कशाला भीत नसे. आयुष्यभर वजनमापं तपासायची नोकरी केलेली. भल्याभल्या व्यापाऱ्यांचे तराजू त्यांनी जप्त केले होते.

“सूनबाई,” अण्णा ओठांतल्या ओठांत म्हणाले, “हात हलत नाहीयेत.”

“दोन्ही?”

“दोन्ही. छाती आवळल्यासारखी झालीये. मघाशी तर आतून नुसती भट्टी पेटली होती. आता गार वाटतंय. गार पडत चाललोय मी.”

नवऱ्याने हुंदका दिला. “रुग्णवाहिका निघालीये, अण्णा! काही बोलू नका!”

“बोलू नको तर काय करू? तेवढंच तर हलतंय!”

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर अण्णांच्या पुढ्यात वाकलेले होते. नवऱ्याने त्यांना अर्ध्या चहावरून उठवून आणलं होतं. डॉक्टर जुन्या वळणाचे, दवाखाना बंद करून बरीच वर्षं झालेली, एका कानाने कमी ऐकू येणारे. त्यांनी नळी कानात घातली, दुसरं टोक अण्णांच्या छातीवर ठेवलं आणि डोळे मिटले.

त्यांना नीट ऐकू यावं म्हणून नवऱ्याने पंखा बंद केला.

डॉक्टरांनी डोळे उघडले. नळी डावीकडे सरकवली. उजवीकडे सरकवली. खाली, वर. त्यांच्या कपाळाला घाम फुटला.

“ठोके लागत नाहीत!”

“काय?” नवरा ओरडला.

“एकही नाही! आत सगळं बंद आहे!”

“अहो, पण मी बोलतोय ना!” अण्णा म्हणाले.

“तुम्ही जरा गप्प बसा हो! मला ऐकू द्या!” डॉक्टर खेकसले. “चाळीस वर्षं छात्या तपासल्या. असा पेशंट पाहिला नाही. हृदय बंद आणि तोंड चालू!”

नवरा मटकन खाली बसला. दारात उभ्या दिग्दर्शकाने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. सूनबाईला मात्र रडूही फुटेना. ती पुढे झाली, काहीतरी करायला हवं म्हणून अण्णांच्या छातीवरून हात फिरवायला गेली.

टक्क!

तिची नखं कशावर तरी आपटली. तिने पुन्हा बोट वाकवून वाजवलं. टक, टक. दारावर वाजवावं तसं! कापडाचा आवाज नव्हता हा. माणसाचा तर नव्हताच. हा आवाज तिच्या धंद्याचा होता, झोपेतसुद्धा ओळखला असता तिने. तिने अण्णांच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर चिमटीत धरली. कॉलर तसूभर वाकली नाही. खिशातून रुमालाचं टोक डोकावत होतं. ते तिने ओढलं, तर आख्खा रुमाल कौलासारखा बाहेर आला!

“अण्णा,” ती रुमालाकडे बघत म्हणाली, “हा शर्ट तुम्ही… म्हणजे याला काय लावलंत?”

अण्णांचे डोळे भिंतीकडे वळले.

“अण्णा! जिवाशी गाठ आहे! बोला!”

“खळ केली,” अण्णा पुटपुटले.

“कशाची खळ?”

“खळीचीच! यंत्राशेजारी डबा होता. पांढरी पूड, बादलीत पांढरं पाणी. तुझी सासू अश्शीच करायची. पूड पाण्यात कालवायची, शर्ट बुडवायचा, पिळायचा. मी अगदी मापात केली हो! एकास दोन. चमचा सपाट करून!”

“आणि ओला शर्ट अंगात घातलात?”

“ओलसर! अंगावर वाळला की चुण्या पडत नाहीत. पंख्याखाली पेपर वाचत बसलो, जरा डोळा लागला. जागा झालो तो असा!”

सासऱ्यांना अ‍ॅटॅक आला नव्हता. सासऱ्यांचं चिलखत झालं होतं! आणि ते तिनेच आणलेल्या, तिनेच निवडलेल्या, बिनवासाच्या रेझिनचं!

“डॉक्टर, ठोके आहेत! आत आहेत! वरून रेझिन आहे!” ती ओरडली.

यावर सगळ्यांचे जीव भांड्यात पडतील असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच! नवरा ताडकन उभा राहिला. “रेझिन? ते तुझं? म्हणजे विष! अण्णांना विषबाधा झालीये!” त्याने परत फोन कानाला लावला. “हॅलो, अहो अ‍ॅटॅक नाहीये, विष आहे! हो, त्याच पेशंटला! नाही हो, चेष्टा नाही करत!”

“विष नाहीये!” सूनबाईने फोन धरला. “बिनविषारी आहे! मी तीन प्रकार पाहून हा निवडलाय!”

“मग हलत का नाहीयेत ते?”

“घट्ट झालंय म्हणून! विषारी वेगळं आणि घट्ट वेगळं!”

“तो कॅन आणा आधी,” डॉक्टर म्हणाले. नवऱ्याने कॅन आणला आणि वाचायला सुरुवात केली. “‘वास नाही. धूर नाही. पाण्याने धुता येते…’”

“बघ!”

“‘…ओले असेपर्यंत. उघड्या अंगावर थापू नये. घट्ट होताना तापते.’ अगं, हे खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलंय!”

सूनबाईला दुकानदाराचं ते आनंदात वाहून गेलेलं वाक्य आता लख्ख ऐकू आलं. नशीब की अण्णांनी आत जाडजूड बनियन घातलं होतं आणि खळ पातळ केली होती! डॉक्टरांनी कॉलरमध्ये बोट घालून पाहिलं. कातडी लालसर झाली होती, पण भाजलं नव्हतं. मनगटावरची नाडी घोड्यासारखी उधळत होती. “जिवंत आहेत,” डॉक्टरांनी जाहीर केलं, थोड्या नाइलाजानेच. “पण यातून काढा लवकर. श्वास पुरता घेता येत नाहीये त्यांना.”

बटणं उघडेनात. काजं दगडात गाडल्यासारखी बंद झाली होती. सूनबाईने मागच्या खोलीतून पत्रा कापायची कात्री आणली आणि समोर बटणांच्या ओळीवर लावली. इतक्यात मागून कुजबुज ऐकू आली.

“बाई, थांबा! मधून नको!”

दिग्दर्शक! या गडबडीत ती त्याला विसरूनच गेली होती. आता नोकरी गेली, असं तिच्या मनात आलं आणि कात्रीसकट हात खाली आला. पण दिग्दर्शक तिच्याकडे बघतच नव्हता. तो गुडघे टेकून अण्णांच्या छातीकडे बघत होता, डोळे विस्फारून.

“काय घडण आहे! पोटाची गोलाई बघा! खांद्यावरच्या त्या चुण्या! असं चिलखत मी जन्मात पाहिलं नाही. बगलेतून कापा, बाई. पुढचा भाग अखंड निघाला पाहिजे!”

“अहो, मला वाचवताय की शर्टाला?” अण्णा गरजले. श्वास अपुरा असूनही आवाज जिन्यात पोचला असणार.

“दोघांनाही,” दिग्दर्शक शांतपणे म्हणाला. “डावीकडून सुरू करा.”

सूनबाईने बगलेतून कात्री घातली. बनियन आणि शर्ट यांच्या मधून, जीव मुठीत धरून. कट्ट, कट्ट. डॉक्टर आतून हात सरकवून कातडी वाचवत होते, नवरा अण्णांना वारा घालत होता. एक बाजू सुटली. दुसरी बाजू सुटली. पुढचं कवच हातात आलं, तेव्हा अण्णांनी असा दीर्घ श्वास घेतला की समोरचं वर्तमानपत्र फडफडलं. ते अजून हातातच होतं, कारण बाह्या तशाच होत्या. कोपरात वाकलेल्या, पुढे पसरलेल्या.

“पण अण्णा,” नवऱ्याने घाम पुसत विचारलं, “तुम्हाला आजच खळ करायची काय अवदसा आठवली? आई गेल्यापासून तुम्ही इस्त्रीसुद्धा केली नाहीत.”

अण्णांचे कान लाल झाले. ते काही बोलणार तेवढ्यात बेल वाजली.

“रुग्णवाहिका!” म्हणत नवरा दाराकडे धावला. दारात एक बाई उभ्या होत्या. पिकलेले केस नीट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी. जिना चढून धाप लागलेली.

“इकडे, इकडे!” नवरा म्हणाला. “तुम्ही एकट्याच? स्ट्रेचर कुठाय?”

“स्ट्रेचर?” बाई गांगरल्या. “मी बागेतून आलेय. वाचनालयात ग्रंथपाल होते. अण्णा बागेतल्या बाकावर आले नाहीत. ते कधी मिनिटाचाही उशीर करत नाहीत, म्हणून म्हटलं… स्ट्रेचर कशाला?”

त्यांचं लक्ष आत गेलं. मधोमध खुर्चीत अण्णा, अंगात बनियन, आणि दोन पांढरे कडक हात त्यांच्याच दिशेने पसरलेले! शेजारी कात्री घेतलेली एक बाई, नळी लावलेला एक म्हातारा, आणि कुणीतरी अण्णांची छाती काखेत मारून उभा. बाईंच्या हातातली पिशवी धप्पकन खाली पडली.

अण्णांना लपायला जागा नव्हती. तोंडावर वर्तमानपत्र घ्यावं तर हात वर जाईनात. त्यांचा चेहरा पांढरा झाला, मग लाल झाला, आणि ज्या माणसाने कधी कुणापुढे मान तुकवली नाही, तो तुटक तुटक बोलू लागला. “तुम्ही… माफ करा. मी येणारच होतो. जरा नीटनेटकं यावं म्हटलं. आज तुम्हाला विचारायचं होतं ना.”

“काय विचारायचं होतं?” हे नवऱ्याने विचारलं.

“तुला नाही!”

“अण्णा, काय विचारायचं होतं?”

“लग्नाचं!” अण्णा ओरडले. “आता कळलं? बाहेर जा सगळे!”

कुणी बाहेर गेलं नाही. कुणाचे पायच उचलेनात! सूनबाईच्या हातातून कात्री गळाली. एका घरात राहून, एका टेबलावर चहा पिऊन, तिला याचा वाससुद्धा आला नव्हता! रोज संध्याकाळी बागेत जाणारे अण्णा, हल्ली दाढी दोनदा करणारे अण्णा, आणि एक शर्ट ताठ करायला घरातल्या कुणाला सांगायची चोरी वाटलेले अण्णा. तिला एकदम गलबलून आलं. एवढ्या खटपटीत त्या माणसाला एकदाही वाटलं नाही, की सूनबाईला हाक मारावी. एरवी चष्मा सापडला नाही तरी मारायचे.

ग्रंथपालबाईंनी पिशवी उचलली. पदर सावरला. चार पावलं पुढे आल्या.

“विचारा की,” त्या म्हणाल्या. “पण आधी ते हात खाली घ्या. कुणी बघितलं तर म्हणेल, उत्तराची वाटसुद्धा न बघता मिठी मारायला निघालेत.”

डॉक्टर एवढ्या जोरात हसले की नळी कानातून उडाली. सूनबाईने डोळे पुसत बाह्या कापायला घेतल्या. अण्णांनी मोकळ्या झालेल्या हातांनी पहिल्यांदा काय केलं, तर केस नीट केले. मग विचारलं. काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, ते नीट ऐकूही आलं नाही, कारण नेमक्या त्याच वेळी रुग्णवाहिकेची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धडधडत आत शिरली.

“पेशंट कुठाय?”

त्यांना दिसलं ते असं: सोफ्यावर माणसाची छाती, टेबलावर दोन हात, आणि सगळे चेहरे हसरे! पुढचा माणूस ‘आई गं’ म्हणून मागे सरकला आणि आपल्याच स्ट्रेचरवर बसला. बरोबर त्याच क्षणी नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आपल्या वडिलांचं लग्न ठरतंय. त्याने “म्हणजे मला आता…” एवढं म्हटलं, डोळे फिरवले आणि तो आडवा झाला. मग रुग्णवाहिकेवाल्यांनी त्यालाच तपासलं. रक्तदाब वाढलेला निघाला. जाताना मिठाचं पाणी पाजू नका म्हणून बजावून गेले, आणि दुसरा माणूस जिन्यात पहिल्याला सांगताना ऐकू आला, “तो दमलेला होता. बाकीचे वेडे होते.”

नाटक ठरल्या दिवशी झालं. सूनबाईने त्या कवचाला पोलादी रंग दिला, कडा घासल्या, आतून अस्तर लावलं. खिसा आणि बटणं काही निघेनात, म्हणून त्यांच्यावर पितळी फुलं चिकटवली. सेनापती सडपातळ होता, अण्णांच्या पोटाची गोलाई भरायला त्याला उशी बांधावी लागली. तो मेला, आणि बराच वेळ मेलेलाच राहिला. एक शिंक नाही! पहिल्या रांगेत अण्णा आणि ग्रंथपालबाई बसले होते. सेनापतीला तलवार लागली तेव्हा अण्णा कळवळून आपलीच छाती चोळत होते.

त्यानंतर सूनबाईने प्रत्येक डब्यावर, बादलीवर, कॅनवर आणि चुकून मिठाच्या बरणीवरही तळहाताएवढ्या अक्षरांत लिहून टाकलं: ‘बिनविषारी आहे. हात लावू नका.’

पुढच्या आठवड्यात दिग्दर्शकाचा फोन आला. आवाज चक्क मोठा होता, म्हणजे स्वारी भलतीच खुशीत! “बाई, सेनापती गाजला! आता राजाचं चिलखत हवं. पण ते साच्यातलं, दुकानातल्यासारखं नको हं. तशीच जिवंत घडण पाहिजे. तुमच्याकडे अजून कुणी सासरे वगैरे आहेत का?”

“अहो, काहीतरीच काय!” सूनबाई शरमून म्हणाली. “मी साचाच करीन. माणसावर करायचं नसतं ते. धोक्याचं असतं!”

आतल्या खोलीतून अण्णांचा पहाडी आवाज आला. “सूनबाई! एकदम नाही म्हणू नकोस त्यांना! आमच्या बाईंचे थोरले बंधू आहेत. या लग्नाला नको म्हणून अडून बसलेत. त्यांचं माप घे हवं तर. माणूस मुळातच ताठ आहे, पावडर कमी लागेल!”